सल्लागार आणि सत्ताधारी : जॉर्ज केनन यांच्या कारकीर्दीचा धडा

१९४६ च्या फेब्रुवारी महिन्यात मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीचा कारभार जॉर्ज केनन नावाचा बेचाळीस वर्षांचा अधिकारी पाहत होता. राजदूत हॅरिमन पद सोडून गेलेले होते आणि केनन सर्दी, ताप व दातदुखीने अंथरुणाला खिळलेले होते. अशा वेळी वॉशिंग्टनहून विचारणा आली. तिच्यामागचे निमित्त केनन यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या नव्या संस्थांत सामील होण्यास सोव्हिएत रशिया का कां-कू करतो, याचा उलगडा अमेरिकेच्या अर्थखात्याला होत नव्हता. ब्रेटन वुड्स येथील परिषदेला रशियाचे प्रतिनिधी हजर होते, मग आता माशी कोठे शिंकली, असा तो भाबडा प्रश्न होता. पंधरा-सोळा वर्षे रशियाचा अभ्यास करून त्या देशाबद्दल पाठविलेल्या अहवालांची दखल कोणी घेत नाही, ही खंत केनन यांच्या मनात साचलेली होती. त्यांनी अंथरुणातूनच पाच हजारांहून अधिक शब्दांची तार सांगितली आणि २२ फेब्रुवारीला ती रवाना झाली. राजनयाच्या इतिहासात ती 'लांब तार' म्हणूनच ओळखली जाते.

या तारेचे भाग्य असे की, ती नेमक्या वेळी पोहोचली. त्याच महिन्याच्या ९ तारखेला स्टालिनने केलेल्या भाषणामुळे वॉशिंग्टन बुचकळ्यात पडले होते. नौदलमंत्री फॉरेस्टल यांनी तारेच्या प्रती काढून शेकडो अधिकाऱ्यांना वाचावयास दिल्या. सहा महिने आधी हीच तार आली असती तर ती फायलीत पडून राहिली असती आणि सहा महिने नंतर आली असती तर शिळी ठरली असती, असे खुद्द केनन यांचेच मत होते. तज्ज्ञाच्या शब्दाला वजन केव्हा येते, याचे मर्म यात आहे. शब्द खरा असून भागत नाही. तो ऐकण्याची गरज सत्ताधाऱ्याला त्या क्षणी भासावी लागते.

केनन यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलवॉकी येथे झाला. जन्मानंतर दोन महिन्यांतच आई वारली. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९२५ मध्ये पदवी घेऊन ते पुढील वर्षी परराष्ट्रसेवेत दाखल झाले. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यताही दिलेली नव्हती, त्या काळात त्यांनी बर्लिनमध्ये रशियन भाषा व इतिहास यांचा अभ्यास केला, रिगा येथे राहून रशियाचे निरीक्षण केले आणि १९३३ मध्ये मान्यता मिळताच राजदूत बुलिट यांच्याबरोबर वकिलात उघडण्यासाठी ते मॉस्कोला गेले. ज्या देशाशी संबंधच नाहीत त्याचे जाणकार अगोदर तयार करून ठेवणे, हा खर्च त्या वेळी कोणाही काटकसरी लोकप्रतिनिधीला उधळपट्टीच वाटला असता.

मार्शल यांचा विश्वास

१९४७ च्या प्रारंभी जनरल जॉर्ज मार्शल परराष्ट्रमंत्री झाले. त्यांनी आपल्या खात्यात धोरण-नियोजनाचा एक स्वतंत्र विभाग काढला आणि त्याची सूत्रे केनन यांच्याकडे सोपविली. क्षुल्लक गोष्टींत गुंतू नका, एवढीच सूचना त्यांनी दिली, असे सांगतात. केनन यांच्या विभागाने काही आठवड्यांत, २३ मे १९४७ रोजी, युरोपच्या पुनर्रचनेविषयी टिपण सादर केले. त्यातील तीन मुद्दे आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावेत असे आहेत. अमेरिकेचे साहाय्य साम्यवादाविरुद्धची मोहीम म्हणून न देता, ज्या आर्थिक विस्कळितपणामुळे युरोपीय समाज दुबळा झाला आहे तो दूर करण्यासाठी द्यावे, हा पहिला. पुढाकार युरोपने घ्यावा आणि आराखडाही युरोपनेच करावा, हा दुसरा. प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे हात पसरू नये, सर्वांनी मिळून एकच मागणी करावी, हा तिसरा. अर्थव्यवहार पाहणारे उपमंत्री विल्यम क्लेटन यांनीही युरोपच्या दैन्याचे भेदक वर्णन करणारे टिपण त्याच सुमारास दिले होते, म्हणून सारे श्रेय एकट्या केनन यांच्या पदरात टाकणे योग्य नव्हे. ५ जून रोजी हार्वर्ड येथील छोट्या भाषणात मार्शल यांनी या विचाराला वाचा फोडली.

सोव्हिएत रशिया व पूर्व युरोप यांना या योजनेत बोलवावे की नाही, हा नाजूक प्रश्न होता. बोलवावे तर अमेरिकन काँग्रेस पैसा देणार नाही, न बोलवावे तर युरोपच्या फाळणीचे खापर अमेरिकेच्या माथी फुटणार. केनन यांचा सल्ला होता की, दार सर्वांना उघडे ठेवावे. आपल्या अर्थव्यवस्थेचे आकडे इतरांसमोर मांडावयाचे आणि संयुक्त आराखडा पाळावयाचा, ही अट मॉस्कोला झेपणार नाही, असा त्यांचा होरा होता. तो खरा ठरला. मोलोटोव्ह पॅरिसला मोठा ताफा घेऊन आले आणि जुलैच्या प्रारंभी उठून गेले. चेकोस्लोव्हाकियाने आधी दिलेला होकार मॉस्कोच्या दडपणाखाली मागे घेतला. शेवटी सोळा देशांनी मिळून मागणीपत्र तयार केले.

या योजनेत चार वर्षांत सुमारे १३०० कोटी डॉलर दिले गेले. रकमेपेक्षा तिची घडण अधिक महत्त्वाची होती. साहाय्य मुख्यतः वस्तूंच्या रूपाने जाई. फ्रान्समधील शेतकऱ्याने अमेरिकन ट्रॅक्टर घेतला तर त्याची किंमत तो आपल्या सरकारला फ्रँकमध्ये देई आणि ते फ्रँक एका वेगळ्या खात्यात जमा होत. डॉलरच्या तुटवड्याचा प्रश्न त्यामुळे सुटे आणि देशी चलनातील रक्कम पुनर्रचनेला मोकळी होई. फ्रान्सने ती आपल्या आधुनिकीकरणाच्या योजनेत घातली, ब्रिटनने सरकारी कर्ज फेडण्यासाठी वापरली, तर पश्चिम जर्मनीने तिच्यातून पुनर्रचनेसाठी कर्ज देणारी बँक उभी केली. ती बँक आजही चालू आहे. आपल्याकडे पुढे पी. एल. ४८० च्या गव्हाच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांची कथा ज्यांना आठवते त्यांना ही यंत्रणा ओळखीची वाटेल. फरक असा की, युरोपात कारखाने पडझडीत का होईना उभे होते, कामगार कुशल होते, कमतरता होती ती कोळशाची, धान्याची आणि परकीय चलनाची. भांडवल ओतले की उत्पादन निघे. 'अमुक देशासाठी एक मार्शल योजना हवी' अशी घोषणा अधूनमधून होते, तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

शब्दांचे अपहरण

याच १९४७ सालच्या जुलैमध्ये 'फॉरिन अफेअर्स' या त्रैमासिकात 'एक्स' या सहीने एक लेख प्रसिद्ध झाला. सोव्हिएत विस्तारवादाला दीर्घकाळ, धीराने, परंतु खंबीरपणे आवर घालावा, म्हणजे ती राजवट कालांतराने आतूनच मवाळ होईल किंवा मोडेल, असे त्यात प्रतिपादन होते. लेखक केनन आहेत हे फार दिवस लपून राहिले नाही. 'आवर घालणे' हा शब्द मात्र लेखकाच्या हातून निसटला. वॉल्टर लिपमन यांनी लेखमाला लिहून या धोरणावर कडाडून टीका केली. जगात जेथे जेथे रशिया डोके वर काढील तेथे तेथे अमेरिकेने धावत जावे काय, असा त्यांचा सवाल होता. गंमत अशी की, केनन यांनाही तेच म्हणावयाचे होते. आवर मुख्यतः राजकीय व आर्थिक साधनांनी घालावा आणि तोही ब्रिटन, ऱ्हाइनचा प्रदेश, जपान यांसारखी मोजकी औद्योगिक केंद्रे राखण्यापुरता, अशी त्यांची धारणा होती. परंतु लेखात हे स्पष्ट नव्हते. भाषाप्रभू म्हणून नावाजलेल्या माणसाने सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी मोघम लिहावे, याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

मार्शल गेले, डीन अ‍ॅचिसन आले आणि वारे फिरले. १९४९ मध्ये रशियाने अणुस्फोट केला. केनन यांनी हायड्रोजन बाँबच्या मार्गाला लागू नये असा सल्ला दिला, तो बाजूला ठेवला गेला. धोरण-नियोजन विभागाची सूत्रे पॉल नित्झे यांच्याकडे गेली आणि १९५० च्या एप्रिलमध्ये शस्त्रबळावर भर देणारा नवा आराखडा तयार झाला. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. तीन वर्षांत अमेरिकेचा संरक्षणखर्च तिपटीच्या वर गेला. कोरियात ३८ वा अक्षांश ओलांडून उत्तरेकडे जाऊ नये, हेही केनन यांनी सांगून पाहिले होते.

पुढचा प्रसंग त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीचा वाटतो. १९५२ च्या मे महिन्यात ते राजदूत म्हणून मॉस्कोला गेले. त्याआधी महिनाभर, एप्रिलमध्ये, भारताचे राजदूत डॉ. राधाकृष्णन स्टालिनचा निरोप घेऊन परतले होते, आणि त्यांच्यानंतर आलेले के. पी. एस. मेनन यांना स्टालिनने मृत्यूपूर्वी काही दिवस, १७ फेब्रुवारी १९५३ रोजी, भेट दिली. केनन यांच्या वाट्याला आली ती वकिलातीभोवतीची पहाऱ्याची भिंत. सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या विमानतळावर एका वार्ताहराने मॉस्कोतील जीवनाबद्दल विचारले, तेव्हा त्यांचा तोल गेला. अमेरिका युद्धात उतरल्यावर नाझींनी आपल्याला जर्मनीत स्थानबद्ध ठेवले होते, मॉस्कोतील स्थिती त्याहून निराळी नाही, असे ते बोलून गेले. ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत सरकारने त्यांना परतण्यास मनाई केली. राष्ट्रांनी जिभेवर ताबा ठेवावा असे आयुष्यभर सांगणाऱ्या मुत्सद्द्याची राजदूतपदाची कारकीर्द एका वाक्याने पाच महिन्यांत संपली.

नव्या राजवटीत परराष्ट्रमंत्री झालेल्या जॉन फॉस्टर डलेस यांना केनन नकोच होते. सोव्हिएत जोखड उलथून टाकण्याची भाषा डलेस करीत होते आणि केनन तिला पोकळ व धोकादायक म्हणत होते. त्यांना नवे पद देण्यात आले नाही आणि नियमानुसार १९५३ मध्ये ते निवृत्त झाले. सत्तावीस वर्षांची सेवा अशी गाजावाजा न करता संपली. तुमच्यासाठी जागा नाही असे सांगितल्यावर त्याच बैठकीत डलेस यांनी रशियाविषयी त्यांचे मत मात्र आवर्जून विचारून घेतले. आपल्याकडे १९८७ च्या जानेवारीत परराष्ट्रसचिव ए. पी. वेंकटेश्वरन् पत्रकार परिषदेत हजर असताना पंतप्रधान राजीव गांधी यांनी लवकरच नवे परराष्ट्रसचिव येतील असे जाहीर केले आणि वेंकटेश्वरन् यांनी तत्काळ राजीनामा दिला. ज्येष्ठ अधिकाऱ्याला निरोप देण्याची ही दुसरी तऱ्हा. दोहोंपैकी अधिक असभ्य कोणती हे ठरविणे कठीण आहे. आपली तऱ्हा निदान सर्वांसमक्ष घडली. अमेरिकेत मात्र अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पर्यायी धोरणे पडताळण्यासाठी तीन गट नेमले आणि एकाचे नेतृत्व निवृत्त केनन यांच्याकडे दिले. व्हाइट हाऊसमध्ये त्यांनी आपली बाजू मांडली तेव्हा श्रोत्यांत डलेस बसलेले होते, आणि अध्यक्षांचा कल बव्हंशी केनन यांच्या मताकडे झुकला.

जनतेविषयीचा संशय

निवृत्तीनंतर केनन अर्धशतकाहून अधिक जगले. प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययनसंस्थेत त्यांनी इतिहासलेखन केले, दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळविले आणि मधल्या काळात, १९६१ ते १९६३, युगोस्लाव्हियात राजदूत म्हणून काम केले. बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद त्यांच्या डोळ्यांसमोर झाली. नेहरू, नासर, टिटो यांच्या त्या मेळाव्याकडे त्यांनी कौतुकाने पाहिले नाही. टिटोंनी रशियाच्या अणुचाचण्यांना समजून घेतल्याने ते संतापलेच. तरीही युगोस्लाव्हियाला जवळ ठेवणे अमेरिकेच्या हिताचे आहे हे त्यांनी सोडले नाही. १९६२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्या देशाला व्यापारात मिळणारी सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राची सवलत काढून घेतली. केनन यांनी लोकप्रतिनिधींची विनवणी केली, खुद्द अध्यक्ष केनेडी यांना मध्ये घातले, परंतु उपयोग झाला नाही. ते पद सोडून परतले. १९६३ च्या अखेरीस सवलत पुन्हा सुरू झाली.

परराष्ट्रनीतीचे नेतृत्व कोणी करावे, याविषयीचे त्यांचे मत अशा अनुभवांतून कडवट होत गेले. १९५१ च्या शिकागोतील व्याख्यानांतच त्यांनी लोकशाहीची तुलना इवल्या मेंदूच्या अजस्र प्रागैतिहासिक प्राण्याशी केली होती. तो आधी डिवचला तरी हलत नाही आणि एकदा चवताळला की शत्रूबरोबर स्वतःचे घरही उद्ध्वस्त करतो, असे त्यांचे म्हणणे. नेते निवडणुकीतील टाळ्यांसाठी परराष्ट्रनीती वापरतात, नीतिशास्त्राची प्रवचने करतात आणि मग आपल्याच शब्दांत अडकतात, हे त्यांचे निदान होते. उपाय म्हणून १९९३ च्या एका ग्रंथात त्यांनी निवडणुकीच्या राजकारणापासून अलिप्त अशा ज्येष्ठांचे सल्लागार मंडळ सुचविले.

निदानात तथ्य होते, उपाय चुकीचा होता, आणि त्याचा पुरावा केनन यांच्याच कारकीर्दीत सापडतो. त्यांच्या कल्पनांपैकी सर्वांत खर्चिक आणि सर्वांत शहाणी अशी जी मार्शल योजना, ती अमेरिकन काँग्रेसने मोकळ्या चर्चेनंतर संमत केली. विरोधी पक्षाच्या बहुमताच्या त्या सभागृहांसमोर आकडे मांडले गेले, समित्यांनी युरोपात जाऊन पाहणी केली, सिनेटर व्हॅन्डेनबर्ग यांनी रिपब्लिकनांना वळविले. प्रागमधील फेब्रुवारी १९४८ च्या सत्तांतराच्या भीतीने शेवटचा रेटा दिला हे खरे, पण केवळ भीतीवर चार वर्षे पैसा मिळत नाही. उलट ज्या गोष्टी लोकांच्या नजरेआड ठरल्या, तेथे तज्ज्ञांचे शहाणपण फारसे उजळ दिसत नाही. १९४८ मध्ये परदेशांत गुप्त कारवाया करणारी यंत्रणा उभारण्याचा आग्रह केनन यांनीच धरला होता. ती आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक होती, अशी कबुली त्यांनी १९७५ मध्ये सिनेटच्या चौकशी समितीपुढे दिली.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील एका गोपनीय टिपणात त्यांनी लिहिले होते की, अमेरिकेकडे जगातील सुमारे निम्मी संपत्ती आहे आणि लोकसंख्या मात्र ६.३ टक्के. ही विषमता टिकवून धरणे हे आपले खरे काम असून आशियाच्या बाबतीत परोपकाराची भाषा सोडावी. भारत स्वतंत्र होऊन सहा महिनेच झाले होते. ऱ्हाइनकाठच्या कारखान्यांत भांडवल ओतण्याची दूरदृष्टी असलेल्या या माणसाला गंगा, यांगत्से किंवा नायजर यांच्या काठावरचा माणूस कधी नीट दिसला नाही. मृत्यूनंतर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दैनंदिनींतून स्थलांतरितांविषयी आणि अन्य वंशांविषयी जे पूर्वग्रह उघडे पडले ते वाचून त्यांच्याविषयी आदर असणाऱ्यांनाही खाली पाहावे लागते. ज्येष्ठांच्या मंडळात असेच ज्येष्ठ बसणार असतील तर त्यांना जाब कोणी विचारावयाचा?

आणि तरीही ज्या प्रसंगी ते लोकांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी लोकशाहीची मोठी सेवा केली. १० फेब्रुवारी १९६६ रोजी सिनेटर फुलब्राइट यांच्या समितीपुढे व्हिएतनामविषयी त्यांनी दिलेली साक्ष दूरदर्शनवरून दाखविली जात होती. सी. बी. एस. या कंपनीने ती थेट न दाखविता एका जुन्या विनोदी मालिकेचा भाग पुन्हा दाखविणे पसंत केले आणि तिच्या वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. व्हिएतनामचे महत्त्व अमेरिकेच्या दृष्टीने बेताचे आहे, चुकीच्या जागेवरून धैर्याने माघार घेण्यात कमीपणा नाही, असे 'आवर घालण्या'च्या सिद्धान्ताचा जनक शांतपणे सांगत होता. त्याच सिद्धान्ताच्या नावाने ते युद्ध चालले होते. इराकवरील हल्ल्याची तयारी चालू असताना, सप्टेंबर २००२ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, युद्ध जेथे सुरू करतो तेथे ते संपत नाही, असे त्यांनी पुन्हा बजावले.

त्यांच्या शेवटच्या मोठ्या इशाऱ्याची चर्चा आज सर्वाधिक होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून त्यांनी नाटो संघटनेचा पूर्वेकडे विस्तार करणे ही शीतयुद्धोत्तर काळातील सर्वांत घातक चूक ठरेल, रशियातील लोकशाहीविरोधी व लष्करी प्रवृत्तींना त्यामुळे बळ मिळेल, असे म्हटले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून हा लेख भविष्यवाणी म्हणून दाखविला जातो. तेवढे सरळ नाही. पोलंड किंवा बाल्टिक देशांनी नाटोत जाण्याची धडपड केली ती वॉशिंग्टनच्या हौसेखातर नव्हे, स्वतःच्या इतिहासामुळे. युक्रेनविषयी तर केनन यांचा ग्रह जुनाच होता. १९४८ मध्ये त्यांच्या विभागाने तयार केलेल्या दस्तऐवजात रशियापासून युक्रेन वेगळा करणे हे अमेरिकेपासून महासरोवरांचा औद्योगिक पट्टा तोडण्याइतके कृत्रिम ठरेल, असे म्हटले होते. १९९१ च्या डिसेंबरमध्ये युक्रेनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले, तेव्हा तो दाखला निकालात निघाला. महासत्तांच्या मनःस्थितीची अचूक नाडी पाहणाऱ्या या वैद्याला लहान राष्ट्रांची नाडी कधी लागली नाही.

परंतु १९९७ चा इशारा ज्या रीतीने बाजूला सारला गेला ती रीतही समर्थनीय नव्हती. विस्ताराचा खर्च किती, नव्या सदस्यांच्या रक्षणाची हमी खरोखर पाळावयाची झाल्यास कोणती तयारी लागेल, रशियाला कोणत्या व्यवस्थेत बसवावयाचे, या प्रश्नांवर मार्शल योजनेच्या वेळी झाला तसा खल झाला नाही. ३० एप्रिल १९९८ रोजी सिनेटने ८० विरुद्ध १९ मतांनी विस्ताराला संमती दिली. विरोधात मत देणाऱ्यांत भारतात राजदूत राहिलेले डॅनियल मॉयनिहन होते. दोनच दिवसांनी स्तंभलेखक थॉमस फ्रीडमन यांनी केनन यांचे म्हणणे प्रसिद्ध केले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांच्या त्या वृद्धाची मुख्य तक्रार सिनेटमधील चर्चा किती उथळ आणि अजाण होती, ही होती. पुढील वर्षी १२ मार्चला पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक रीतसर नाटोचे सदस्य झाले. समारंभ ट्रूमन यांच्या गावी, त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात झाला. केनन १७ मार्च २००५ रोजी प्रिन्स्टन येथे, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी वारले.